बोगद्यावर टिश्यूचं पाकीट

दर शनिवारी त्याच टेबलावर बसलं की किस्से साचत जातात, ड्रॉवरमध्ये जुने चार्जर साचतात तसे. टाकवत नाहीत, आणि कुठला कशाचा ते आठवत नाही. तर खाली सांगतोय त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, आईशप्पथ. म्हणजे टेबल खरं, माणसं खरी. जिथे मला नीट आठवलं नाही तिथे जे घडायला हवं होतं ते लिहिलंय.

टेबल आहे सिंगापुरात, तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या मंडपात, बरोब्बर पंख्याखाली. शनिवारी सकाळी दहाला तिथे मी आणि कर्णिक बसतो. कर्णिक बँकेत आहे. दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढण्याचा त्याला पगार मिळतो, आणि उरलेल्या वेळात तो हेच काम फुकट करतो. मी आयटीत. शिकूनसवरून इथे आलेल्या, पण स्वतःच्या क्षेत्रात काम न मिळालेल्या मंडळींना आम्ही मार्गदर्शन करतो. लाल पेन कर्णिकचं, कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या रांगेत उभं राहणं माझ्याकडे, सल्ला दोघांचा.

* * *

वैदेही आली मार्चमध्ये. पुण्यात दहा वर्षं बोगद्यांवर काम केलेली इंजिनिअर. खणायच्या आधी डोंगराच्या पोटातली माती आणि खडक काय करतील ते सांगायचं, हे तिचं काम. नवरा नचिकेत इथे नोकरीवर, आणि ती त्याच्या पासवर, म्हणजे बायको म्हणून राहायच्या परवान्यावर. तिला काम करायचं तर कंपनीने तिचा वेगळा पास काढायला हवा. तशी कंपनी वर्षभरात भेटली नव्हती.

"पुण्याचे सर म्हणालेत, खुर्ची जूनअखेरपर्यंत ठेवतो. मग दुसरं माणूस घेणार," ती म्हणाली. "म्हणजे काम हवं असेल तर मी तिकडे आणि नचिकेत इकडे."

"ट्यूशन सेंटरमध्ये गणित शिकवायला बोलावतायत म्हणे? घेऊन टाक की," मी म्हटलं.

"काका, मला डोंगर कळतात. मुलं नाही कळत."

मला काका म्हटलेलं आवडत नाही. पण वाक्य चांगलं होतं म्हणून सोडून दिलं.

* * *

तिचा सीव्ही सहा पानांचा होता. वडिलांचं नाव, चौथीची स्कॉलरशिप, वैवाहिक स्थिती, छंद म्हणून रांगोळी, सगळं. कर्णिकचे डोळे चमकले. त्याने पेन उघडलं आणि पाऊण तास मान वर केली नाही. शेवटी एक पान उरलं.

"हे बघ. आता कोणीही वाचेल," कर्णिक म्हणाला.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. पान उलटून मागेही बघितलं.

"कर्णिककाका, रांगोळी राहिली आणि बोगदा गेला."

कर्णिकने आठवडाभर फोन उचलला नाही.

* * *

मग आम्ही ठरवलं, हिला माणसांत सोडायची. बांधकामातल्या लोकांचा एक मेळावा होता. "अनोळखी माणसाकडे जायचं, हात पुढे करायचा, आणि आपण काय करतो ते सांगायचं," मी तिला बजावलं. "जेवलात का, असं विचारायचं नाही."

ती दोन तासांनी आनंदात बाहेर आली. म्हणाली, एका माणसाशी इतक्या छान गप्पा झाल्या! सेल्वम नाव, कोइम्बतूरचा, पाया भरण्यातला इंजिनिअर.

"कुठल्या कंपनीत आहे?"

"कुठल्याच नाही. तोही नोकरी शोधतोय."

"आणि दोन तास बोललात काय?"

"बिचाऱ्याचा सीव्ही सात पानांचा होता. कर्णिककाकांनी सांगितलेलं सगळं मी त्याला सांगितलं. फक्त म्हटलं, मुख्य काम कापू नकोस."

मे महिन्यात सेल्वमला नोकरी लागली. आम्हाला तोंडही न दाखवता.

* * *

आता चोपबद्दल. इथे हॉकर सेंटरमध्ये जागा धरायची तर खुर्चीसमोर टिश्यूचं पाकीट ठेवून खुशाल जेवण आणायला जायचं. त्याला चोप करणं म्हणतात. पुण्याहून नवीन आलेल्या माणसाला "आधी टेबल चोप" म्हटलं की तो दचकतो. टेबलाने असं काय केलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

त्या शनिवारी आम्ही वैदेहीचा खोटा इंटरव्ह्यू घेत होतो. काहीही विचारा, उत्तर एकच. वी डिझाइन्ड, वी चेक्ड, वी कम्प्लिटेड.

"वी म्हणजे कोण?" कर्णिकने विचारलं.

"म्हणजे सर, टीम, सगळेच."

"बोगद्यात पाणी फुटलं म्हणालीस, तेव्हा सर कुठे होते?"

"सर लग्नाला गेले होते."

"आणि टीम?"

"टीम बाहेर पळाली."

"मग काम थांबवलं कोणी? सिमेंट दाबून ते पाणी अडवलं कोणी?"

"मीच."

"मग तसं म्हण की."

"स्वतःचंच नाव कसं घ्यायचं? कसं दिसतं ते."

एवढ्यात एक बाई ताट घेऊन आल्या, शेजारच्या रिकाम्या टेबलावरचं टिश्यूचं पाकीट बघितलं आणि मुकाट्याने पुढे गेल्या. मी लगेच म्हणालो, "बघ वैदेही. जागेवर माणूसही नाही. दीड बोटाचं पाकीट आहे, तरी जागा कोणाची हे सगळ्यांना कळलं. कोणाला वाईट दिसलं का? तुझ्या बोगद्यावर पाकीट ठेव."

ती त्या पाकिटाकडे बघत राहिली. माझ्या बोलण्याचा असा परिणाम क्वचितच होतो.

* * *

पुढच्या शनिवारी नचिकेतच तक्रार घेऊन आला.

"काका, हिला काय शिकवलंत? काल माझ्या मॅनेजरच्या घरी जेवायला गेलो होतो. त्याच्या बायकोने विचारलं, तुमचं लग्न कधी झालं? ही म्हणाली, आय गॉट मॅरीड नऊ वर्षांपूर्वी. आय बॉट अ फ्लॅट. आय मूव्ह्ड टू सिंगापूर."

"मग?"

"मग त्या बाई मला हळूच म्हणाल्या, यू आर हर ब्रदर?"

* * *

जून अर्धा संपला तेव्हा वैदेहीला फोन आला. सेल्वमच्या कंपनीत माती-खडक कळणारं माणूस हवं होतं. त्याने साहेबांना एकच नाव सांगितलं होतं.

इंटरव्ह्यूला समोर तिघे होते. मधले मिस्टर टॅन, जमिनीखाली आयुष्य काढलेले, फार न बोलणारे. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, तुमचा बोगदा काढा. तिने काढला. पाणी कुठे फुटलं तिथे खूण केली.

"हू स्टॉप्ड द वर्क?"

इतके शनिवार घोकूनही तिच्या तोंडून निघालं, "वी..."

"वी, हू?"

तिने पर्स उघडली, टिश्यूचं पाकीट काढलं आणि कागदावर, बरोब्बर त्या खुणेवर ठेवलं.

मिस्टर टॅननी पाकिटाकडे बघितलं.

"चोप, आह?"

"येस, सर."

"ओके लाह," ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "नाऊ टेल मी अबाउट द वॉटर."

जून संपायला तीन दिवस असताना ऑफर आली. पासचा अर्ज कंपनीने केला. पुण्याच्या सरांना तिने स्वतः फोन करून सांगितलं, खुर्ची देऊन टाका.

* * *

बुकित पंजांगला वैदेही-नचिकेतच्या फ्लॅटवर पार्टी झाली. पंधरा-वीस लोक होते आणि मी रंगात आलो होतो. "आधी आम्ही तिचा सीव्ही बसवला. मग आम्ही तिला माणसांत सोडलं. मग आम्ही तिच्या तोंडून 'मी' काढला. नोकरी काय, आम्ही..."

मागे वैदेही मटारकरंज्यांचं ताट घेऊन उभी होती.

"काका, आम्ही म्हणजे कोण?"

मी कर्णिककडे बघितलं.

"बोगदा मी कापला होता," कर्णिक म्हणाला. "मला यात धरू नकोस."

मी सेल्वमकडे बघितलं. तो करंजी खात होता. त्याला मराठी येत नाही, हे त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

तर आता कबुली. बोगदा खरा, रांगोळी खरी, मिस्टर टॅन खरे. ते पाकीटसुद्धा खरं, अजून तिच्या ऑफिसच्या टेबलावर असतं आणि त्याला कोणी हात लावत नाही. बनवलेली गोष्ट एकच. शेजारच्या टेबलावरचं पाकीट दाखवून ते सगळं मी बोललो, असं मी लिहिलंय. त्या वेळी मी कोपीच्या रांगेत होतो.

तीन कप सांभाळत परत आलो तेव्हा माझ्या खुर्चीसमोर वैदेहीने टिश्यूचं पाकीट ठेवलेलं होतं, आणि ती आणि कर्णिक माझ्याकडे बघून हसत होते.