कंबरेचा पट्टा

बसस्थानकामागच्या गल्लीत सॅकवालीचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. जाड सुईचं शिवणयंत्र, खिळ्यांना अडकवलेले पट्टे, बकलांनी भरलेले डबे. फाटक्या सॅक दुरुस्त करून ती पोट भरते आणि सुट्टीत सात-आठ जणांना घेऊन डोंगरात जाते. हा नाद तिला थोरल्या भावाने लावला.

दादा पोस्टमन होता. नोकरीभर पायी हिंडूनही त्याची हौस फिटली नाही. नदी कशी ओलांडायची तेही त्यानेच तिला शिकवलं. पात्र रुंद असेल तिथून जायचं, पाणी उथळ असतं. बूट काढायचे नाहीत. तोंड पाणी येतं त्या बाजूला, काठी पुढे रोवायची, मग पाय आडवा सरकवायचा. एक घट्ट टेकल्याशिवाय दुसरा हलवायचा नाही. आणि उतरण्याआधी सॅकचे छातीवरचे नि कंबरेचे पट्टे सोडायचे, म्हणजे तोल गेलाच तर सॅक टाकून देता येते.

"सॅक दुसरी शिवशील," तो म्हणायचा, "तुला कुठून शिवून आणू?"

त्या खेपेला दादा, ती आणि आणखी चौघं होती. तिसऱ्या दिवशी सकाळी नदी लागली. पाणी गुडघ्यापर्यंतच होतं, पण ओढ जबर होती. ती आधी गेली, मागून एकेक जण आला. दादा नेहमीप्रमाणे सगळ्यांत शेवटी.

पलीकडून तिने ओरडून विचारलं, "दादा, पट्टे सोडलेस का रे?"

"सोडले गं बाई! आता तू मला शिकव!"

सगळे हसले. तीही हसली.

मधोमध त्याच्या पायाखालचा दगड फिरला. तो पाण्यात बसला, सॅकने त्याला पालथं पाडलं, आणि बघता बघता तो वाहत गेला. ती काठाकाठाने धावली. पुढे वळणावर, पाणी खोल होतं तिथे, तो एका खडकाला अडकला होता. छातीवरचा पट्टा सुटा होता. कंबरेचा लावलेलाच होता. दिवसाला पन्नास बकलं उघडणारे तिचे हात, पण ताणलेला ओला पट्टा हलेना. शेवटी तिने चाकूने तो कापला. चौघांनी मिळून त्याला वर काढलं, तासभर छाती दाबत राहिले. दादा गेला होता.

ते बकल महिन्यापूर्वी तिनेच बदललं होतं. "जुनं चालताना सुटतं, चांगलं कडक बसव," असं तोच म्हणाला होता.

दोन महिने दुकान बंद राहिलं. उघडल्यावर ती प्रत्येक बकल दहादा लावून उघडून बघायची. एक गिऱ्हाईक कंटाळून म्हणालं, "ताई, बकल आहे, तिजोरी नाही." तिला हसू आलं नाही. वहिनी तिच्याशी मोजकंच बोलायच्या, बोलताना बघायच्या नाहीत. त्यांना बकलाचं कळलंय, अशीच तिची समजूत झाली.

एका दुपारी तिला राहवलं नाही. ती वहिनींच्या घरी गेली. वहिनी दादाचे शर्ट घड्या घालून खोक्यात भरत होत्या. तिने उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "वहिनी, त्याच्या सॅकचं बकल मी बसवलं होतं. नवं. कडक."

वहिनींचा हात थांबला. "ढिलं असतं तरी त्यांना उघडलं नसतं."

"म्हणजे?"

"वर्ष झालं, बोटं वळत नव्हती त्यांची. ही बटणं रोज मी लावून देत होते. तुला सांगायचं नाही म्हणून गळ घातली होती. म्हणाले, तिला कळलं तर ती मला नेणार नाही."

तिला आठवलं, वाटेत दादा बुटाच्या नाड्या दुसऱ्यांकडून बांधून घेत होता. 'म्हाताऱ्याची सेवा करा रे, पुण्य लागेल!' आणि कंबरेचा पट्टा सकाळी कुणाकडून लावून घेतला असेल? तिने कधी बघितलंच नव्हतं.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं," ती म्हणाली. आवाज चढला होता.

"हवं होतं," वहिनी म्हणाल्या. "तू येशील आणि हेच बोलशील, म्हणून तुझ्याकडे बघवत नव्हतं."

बकल कडक होतं हे खरंच होतं. बोटं अधू होती हेही खरं. कोणतं किती, याचा हिशेब लागेना. ती चहा न घेताच निघाली आणि जिन्यात बसून रडली.

पुढच्या उन्हाळ्यात तिने पुन्हा माणसं नेली. आता ती काठावरून कुणाला विचारत नाही. सगळ्यांना ओळीने उभं करते, प्रत्येकाला स्वतःच्या बोटांनी बकल उघडायला लावते, आणि स्वतः शेवटी उतरते. लोक कुजबुजतात, शाळेची सहल आहे का म्हणून. एकदा पाणी मांडीला लागेल असं दिसलं तेव्हा तिने सगळ्यांना माघारी फिरवलं. एका बँकवाल्याने मोठ्या मुश्किलीने रजा मिळवली होती. परतीच्या वाटेवर तो घुश्शात एकटाच पुढे चालला. तिने त्याची समजूत काढली नाही.

वहिनींकडे ती आठवड्यातून एकदा जाते. दादाचा विषय दोघी काढत नाहीत, आणि दुसरा कुठलाही फार वेळ पुरत नाही.