हिरवा खोका, राखाडी खोका

छापखान्यात त्यांना सगळे कविराज म्हणत. चेष्टेत पडलेलं नाव तीस वर्षांत असं मुरलं, की खरं नाव तेवढं हजेरीपटावर उरलं. काम एकच, शुभेच्छापत्रांवरच्या ओळी लिहायच्या. टेबल कागद कापायच्या यंत्राला लागून. यंत्र खाली आलं की पेन्सिल उडी मारायची, मग कविराज तिला म्हणायचे, "बस गं, तुला काय झालं?"

टेबलावर दोन खोके होते. हिरव्यात वाढदिवस, लग्नं, नवी बाळं. राखाडीत दुःखाची कार्डं. आणि नियम उलटा होता. मन खट्टू असेल त्या दिवशी हिरवा खोका उघडायचा आणि मन खुशीत असेल त्या दिवशी राखाडी.

हा नियम काही हौसेनं केलेला नव्हता. वडील गेले त्या आठवड्यात त्यांनी सांत्वनाचं एक कार्ड लिहिलं होतं. तेव्हाचे मोठे मालक ते वाचून म्हणाले, "अहो, हे पाठवलं तर समोरच्यालाच तुमचं सांत्वन करायला यावं लागेल." पुढे मुलगी झाली, तेव्हा वाढदिवसाच्या चार ओळींत नऊ उद्गारचिन्हं पडली. मग त्यांनी खोके फिरवले. रडवेल्या दिवशी लिहिलं,

'मेणबत्त्या वाढल्या म्हणून केक काही लहान होत नाही,
फुंकर मारायला आम्हीही येतो, दम एकट्यानं लावायचा नाही.'

आणि एका फार आनंदाच्या दिवशी,

'बोलायचं काही नाही. शेजारी बसायचं आहे. जागा ठेवा.'

मन कसंही असो, साडेनऊला खुर्चीत बसायचं. चार ओळी झाल्या की चहा, त्याआधी नाही.

लिहिलेलं पहिल्यांदा ऐकायची ती बायको. संध्याकाळी ती इस्त्री करायची, हे वाचायचे. इस्त्री थांबली तर कार्ड पास. चालत राहिली तर नापास. एकदा तर ऐकता ऐकता यांचा शर्टच जळला. ते कार्ड अकरा वर्षं खपलं.

सात आठवड्यांपूर्वी तिचा उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. डॉक्टर म्हणाले, येतील हळूहळू. दिवसा मुलगी तिच्यापाशी बसे, साडेपाचनंतर हे.

आणि नेमकं सोमवारी मालकीणबाईंनी, म्हणजे मोठ्या मालकांच्या सुनेनं, त्यांना आत बोलावलं.

"कविराज, बारा कार्डं हवीत. 'लवकर बरे व्हा'. शुक्रवारी दुपारपर्यंत."

"बारा?"

"मला माहितीय घरी काय चाललंय. नाही जमलं तर सांगा, मी बाहेरून घेईन. पण मग एकदा बाहेरून घेतलं, की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. बाई वाईट नव्हत्या. टेबलाचं काय करायचं हेही त्या वाक्यातच होतं, एवढंच.

मंगळवारी यंत्रावरच्या माणसानं, ज्याला सगळे कात्री म्हणत, रोजचा प्रश्न विचारला. "काय, आज कुठला खोका?"

"सकाळी ती 'पाणी' म्हणाली."

"अरे वा! मग राखाडी!"

"पाणी दिलं, तर पेला ढकलून दिला. रडली. तिला दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं."

"मग... हिरवा?"

कात्रीनं हात पुसले. "आणि हे आजारपणाचं कार्ड बसतं तरी कुठल्या खोक्यात?"

तीच तर अडचण होती. तीस वर्षांत आजारपणाच्या ओळी त्यांनी कधी लिहिल्याच नव्हत्या, जुन्याच चार फिरवून छापायचे. आणि आता तर सकाळी वर, दुपारी खाली. तासातासाला पालटणाऱ्या मनाला उलटं करायचं, तर ते कुठल्या बाजूनं?

तरी ते बसले. बुधवारपर्यंत बारा कार्डं झाली. 'लवकर बरे व्हा, पुन्हा हसा, सूर्य खिडकीत थांबलाय कसा!' असली. स्वतःलाच वाचवेनात.

संध्याकाळी मुलगी निघाली. जाता जाता म्हणाली, "बाबा, आज तिचं बिनसलंय हं. जरा जपून."

बायको पलंगावर बसून डाव्या हातानं मोज्यांच्या जोड्या लावत होती. इस्त्रीच्या जागी आता मोजे. कविराजांनी खुर्ची ओढली.

"अगं, वाचू?"

तिनं मान डोलावली. पहिलं कार्ड. मोजे चालू. दुसरं, तिसरं. मोजे चालूच. सातव्याला एक जोडी चुकली, यांना आशा वाटली. तर तिनं ती सोडवून नीट लावली.

"बाराही नापास?" ते म्हणाले. हसायला गेले आणि आवाज फाटला. "मग काय लिहू गं? शुक्रवारी ते टेबल जाईल. सगळे म्हणतात लवकर बरे व्हा, मीही तेच..."

तिनं मोजा खाली ठेवला. हात पुढे केला. त्यांना वाटलं, पाणी. ते उठायला लागले, तशी तिनं जोरात मान हलवली आणि त्यांच्या खिशातली पेन्सिल ओढून घेतली. डाव्या हातात पेन्सिल लहान मुलासारखी, मुठीत. पहिल्या कार्डावर तिनं 'लवकर' हा शब्द खोडला. दुसऱ्यावर खोडला. तिसऱ्यावर कागद फाटला. बाराही कार्डांवर तिनं तेवढाच शब्द खोडला, घाम येईपर्यंत, आणि मग त्यांच्याकडे पाहिलं.

सात आठवडे जो आला, तो तिला हेच सांगून गेला होता. नातेवाईक, शेजारी. रोज सकाळी उशी नीट करताना स्वतः कविराजही.

"मी घाई करत होतो," ते हळूच म्हणाले. "तुझी."

तिनं पेन्सिल परत दिली आणि मोजा उचलला.

गुरुवारी साडेनऊला ते खुर्चीत बसले. खट्टू की खुश, हे त्यांनी स्वतःला विचारलंच नाही. दोन्ही खोके खाली ठेवले. चार ओळी झाल्या, चहा. पुन्हा चार. कात्री दोनदा डोकावून गेला.

शुक्रवारी मालकीणबाईंनी बाराही वाचली.

"कविराज, 'लवकर' कुठंय? एकाही कार्डात नाही?"

"घरून खोडून आलंय."

"कोणी खोडलं?"

"तीस वर्षं जी पास-नापास करते, तिनंच."

बाईंनी वरचं कार्ड पुन्हा हातात घेतलं.

'घाई नाही.
चहा गार झाला तर पुन्हा करू.
गोष्ट अर्धी राहिली तर उद्या सांगा.
आम्ही इथंच आहोत.'

ते त्यांनी बाजूला काढून ठेवलं. मग दाराकडे तोंड करून ओरडल्या, "कात्री, उद्या हे आधी घ्यायचं! आणि कविराज, पुढच्या महिन्यात अजून सहा लागतील."

घरी आले, तर ती खिडकीशी होती. आजचा दिवस कसा गेला हे चेहऱ्यावरून कळेना. त्यांनी चहा केला, तिच्यापुढे ठेवला. "छापतायत," ते म्हणाले. "पास झालो."

तिनं ओठ हलवले. "अ..."

ते थांबले. पाणी नाही विचारलं, औषध नाही विचारलं, शब्द पुरवला नाही.

"अ..." पुन्हा. मग डोळे मिटले, मान हलवली.

चहावर साय धरली. कविराजांनी दोन्ही कप उचलले, सिंकमध्ये ओतले आणि पुन्हा आधण ठेवलं. पाठीमागून, अडखळत, रागावल्यासारखं, पण पुरतं आलं,

"अ... हो!"

त्यांनी वळून पाहिलं नाही लगेच. आधी गॅस बारीक केला.