गादी नको

उद्योगशाळेतून वेल्डिंग शिकून बाहेर पडलो तेव्हा मला वाटलं, काम आता आपली वाटच पाहत असणार. महायुद्ध चालू होतं आणि हातात कसब असलेली माणसं लष्करी कारखान्यांकडे निघून गेली होती. पण अमरावतीत कापसातली सरकी काढणाऱ्या ज्या ज्या जिनात गेलो, तिथे माझं आडनाव ऐकलं की लोक आधी बसायला खुर्ची द्यायचे. काम मात्र द्यायचे नाहीत. भिक्षुकांच्या घराण्यातल्या मुलाने गॅस पेटवून लोखंड जोडायचं, हे कुणाच्या डोक्यातच शिरत नव्हतं. मला त्या खुर्च्यांचा भयंकर राग यायचा.

बाबा एका वकिलांकडे कारकून होते. माझं शिक्षण त्यांना मुळातच पसंत नव्हतं. "हौस फिटली असेल, तर आता पोटापाण्याचं बघ," असं म्हणून त्यांनी वकिलांमार्फत अकोल्याच्या एका जिनवाल्या शेठजींच्या कानावर माझी गोष्ट घातली. मी बडनेऱ्याहून गाडी पकडली.

शेठजींनी मला पाहताच पांढऱ्याशुभ्र गादीकडे बोट दाखवलं. मुनीमजी थकले होते, हाताखाली चांगल्या अक्षराचा मुलगा हवा होता.

"माझं अक्षर वाईट आहे," मी म्हणालो. साफ खोटं. "मला वेल्डिंगचं काम द्या, नाहीतर परत जातो."

शेठजींना माझी गंमत वाटली असावी. "मिस्त्रीने घेतलं तर माझी ना नाही," ते म्हणाले.

मिस्त्री मागच्या शेडमध्ये होता. सगळं ऐकून त्याने हात जोडले. "महाराज, तुमी गादीवरच बसा. तुमचा हात जळला त ते पाप माह्या माथी. मले लेकरंबाळं हायेत."

मी बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. "हे शाळेत झालं. आमच्या मास्तरांचं काही वाईट झालं नाही. उलट अंगाने भरलेत."

गडी हसले. मिस्त्री हसला नाही. सरकीच्या हातगाडीचा मोडका लोखंडी दांडा त्याने माझ्यापुढे टाकला. मी चष्मा चढवला, गॅसचा टॉर्च पेटवला आणि सगळ्यांच्या देखत जोड दिला. मिस्त्रीने हातोडा घातला. पहिल्याच घावाला दांड्याचे दोन तुकडे झाले.

"झालं समाधान? जा आता गादीवर."

"नाही झालं. का तुटला ते सांगा."

त्याने एक तुकडा उचलून तुटलेली कड माझ्यापुढे धरली. "गंज तसाच ठेवून जोडला तुमी. धरन कसा?"

मी कानस मागून घेतली. हाताला फोड येईपर्यंत दोन्ही कडा घासल्या, लोखंड चकचकीत केलं आणि पुन्हा जोड दिला. या वेळी हातोडा उसळून मागे आला. मिस्त्रीने आणखी दोनचार घाव घालून पाहिले.

"अबे, मंग पयलेच घासाचं ना," तो म्हणाला. "उद्या भोंग्याच्या आधी ये."

कुणी अबे म्हटल्याचा इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

पहिल्या सुटीला मी मुद्दाम कामाच्या कपड्यांतच घरी गेलो. धुतलेला सदरा पिशवीत होता, तो पिशवीतच ठेवला. दिवेलागणीची वेळ, गल्लीतली सगळी माणसं ओट्यांवर बसलेली. आमच्या ओट्यावर बाबांबरोबर शेजारचे काका होते.

"काय म्हणते जिनातलं ऑफिस?" काकांनी माझ्या तेलकट सदऱ्याकडे बघत विचारलं. बाबांनी गल्लीभर काय सांगितलं होतं, ते मला कळलं.

"ऑफिसात नाही मी, काका. लोखंड जोडतो."

बाबांनी मान वर केली नाही. "लोहार झाला तो," ते म्हणाले. मला लागावं म्हणूनच म्हणाले, आणि लागलंही.

"हो, लोहार," मी म्हणालो. "अजून कच्चा आहे."

आणि बाबांच्या पांढऱ्या धोतराला खेटून बसलो. काका काहीतरी पुटपुटत उठून गेले. बाबा सरकले नाहीत.