आडवी शिडी

आखातातल्या रास लफानच्या आमच्या साइटवर पाइपांभोवती परांची बांधणाऱ्या टोळीचे ते मुकादम. रायगडकडचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्या बोलण्यात 'खलास' आलं की विषय संपला.

उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम बंद, असा इथला कायदा. नियमाचा कागद भिंतीला लावून सगळेच मोकळे होतात. चाचा मात्र वेळ झाली की माणसं खाली उतरवतात, शिडी काढून सावलीत आडवी घालतात आणि तिच्यावरच बसून डबा उघडतात.

परवा शहरातल्या वेस्ट बेच्या ऑफिसातून मोठे साहेब आले. "चाचा, एकच क्लॅम्प राहिलाय. पाच मिनिटांचं काम. यल्ला, चला लवकर!"

पूर्वी साहेबाला नाही म्हणणाऱ्याच्या हातात परतीचं तिकीट पडायचं. चाचांनी तांदळाच्या भाकरीचा घास शांतपणे संपवला.

"आधी त्या पाइपाला हात लावून या, साहेब. मग बोलू."

साहेब तावातावाने उन्हात गेले. बोट टेकवलं मात्र, चटका बसून हात झटकत मागे आले.

चाचा शिडीवर थोडे सरकले.

"बसा. जेवलात का?"