नाल्याकाठची पिवळी पट्टी

विमलताईंच्या शेतात एक पट्टी होती, तिच्याशी त्या बोलायच्या. बोलायच्या म्हणजे रागवायच्या.

राळेगावच्या अलीकडे, नाल्याला लागून असलेली ही पट्टी पूर्वी पडीक होती. विमलताईंनीच ती साफ करून वहितीखाली आणली. पण बाकी शेतातली कपाशीची पऱ्हाटी कमरेला लागली तरी इथली गुडघ्यापाशीच अडायची, आणि पावसानं जरा दडी मारली की पिवळी पडून मान टाकायची. विमलताई तिथं जास्तीचं शेणखत घालायच्या, वरून युरिया. "एवढं खाते अन् जाते कुठी?" असं तिला विचारायच्या. निंदणाला येणारी लालीबाई म्हणायची, "ताई, आता सलाईनच लावा."

शेवटी त्यांनी ठरवलं की पिकत नाही तर तिथं शेततळं खणायचं. दिवाळीनंतर मशीन येणार होतं. तळ्यात कोणते मासे सोडायचे हेसुद्धा त्यांनी पक्कं केलं होतं, आणि त्यांचे यजमान गोपालराव ते रोज जेवताना ऐकत होते.

घरात दुसरी एक गोष्ट मात्र कितीतरी वर्षं अडून राहिली होती. गोपालरावांचे काका नानाजी त्यांच्याकडेच राहत. नानाजींनी लग्न केलं नव्हतं. या घराण्यात गेलेल्या माणसाला अग्नी देत नाहीत. आपल्याच शेतात माती देतात आणि वर दगडांचा बुटका ओटा बांधतात. नानाजींची आई, आजा-आजी, चालायला लागायच्या आधीच गेलेला धाकटा भाऊ, सगळे तिथं होते. नानाजी तरुणपणी वणीला कोळशाच्या खाणीत कामाला होते, तेव्हा एका पावसाळ्यात नाल्याला मोठा पूर आला. ते रजेवर घरी आले तर ओटे नाहीत, सगळीकडे गाळ. नाल्यापासून पावलं मोजत त्यांनी कितीदा तरी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारून पाहिली. काही लागलं नाही. पुढं घरातल्यांना गावाबाहेरच्या जागेत माती देऊ लागले, आणि अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच कुठंतरी रिती होऊ लागली.

"मले मायच्या बाजूनं ठेवजा व विमल," नानाजी दर अखजीला म्हणत.

"आधी माय कुठी हाय ते तं सांगा."

दोघंही हसत. मग नानाजी रित्या घागरीकडे बघत बसत, आणि ते विमलताईंना पाहवत नसे. "सापडंन नानाजी, मी शोधून देईन," असं त्या बोलून बसल्या होत्या. कसं शोधायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

यंदा भादव्यात पाऊस थांबला. शेततळ्याची जागा पाहायची म्हणून नानाजींनी हट्टच धरला. गुडघ्यांपायी त्यांनी कैक वर्षांत शेत पाहिलं नव्हतं. गोपालरावांनी त्यांना बैलबंडीत बसवून आणलं आणि बंडी उंच धुऱ्यावर उभी केली.

"तळं कुठी करून राह्यली?"

"ते पिवळं दिसून राह्यलं ना, तिथं," विमलताईंनी खालून दाखवलं.

नानाजी बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सारं कुठी पिवळं हाय? वर येऊन पाह्य."

विमलताई चाकावर पाय देऊन बंडीत चढल्या. इतकी वर्षं त्यांनी ही पट्टी वाकून, दोन ओळींमधल्या तासात उभं राहून पाहिली होती. वरून पहिल्यांदाच पाहत होत्या. हिरव्या पऱ्हाटीत पिवळे चौकोन होते, शेजारी शेजारी, एका ओळीत. शेवटून दुसरा एवढासा, पाळण्याएवढा.

"तो आमचा बाल्या," नानाजी म्हणाले. "त्याच्या पल्याड माय."

गोपालराव सब्बल घेऊन उतरले. पिवळ्यात हातभर खाली दगड वाजला. चौकोनाबाहेर, हिरव्यात, सब्बल नुसती आत गेली. दगडांवर माती पातळ, तिथं ओल टिकत नव्हती, म्हणून पाऊस थांबला की तेवढंच पीक सुकायचं.

"म्हणजे मी इतकी वर्षं आजेसासूले युरिया घातला," विमलताई म्हणाल्या.

"तरीच. माय सपनात येऊन म्हने, नातसून लय खाऊ घालते."

लालीबाई निंदण टाकून खालीच बसली, इतकी हसली.

"पन मंग तुम्हाले काहून नाही सापडली?" विमलताईंनी विचारलं.

"मी नाल्यापासून मोजत गेलतो," नानाजी म्हणाले. "पुरात नाला सरकला. माय इथंच होती."

मग ते उतरले. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, रोपं चुकवत, शेवटच्या चौकोनापाशी आले. तिथली माती त्यांनी कपाळाला लावली. त्याच्या पलीकडे पऱ्हाटी दाट होती, बोंडं धरलेली. नानाजी आधी तिथं बसले, मग सावकाश आडवे झाले आणि पाय लांब करून पाहिले.

"पुरते," ते म्हणाले.

"मशीन आता खालच्या कोपऱ्यात लावू," विमलताई म्हणाल्या. "तुम्ही उठा पाहू. चांगली पऱ्हाटी मोडून राह्यली."

"घाई कोनाले हाय?"

पानांची सावली त्यांच्या तोंडावर हलत होती. त्यांनी डोळे मिटले आणि थोड्या वेळानं एकच उघडला.

"मी आलो का हे बी पिवळं पडंन व. तवा रागावू नोको."

"रागावीन," विमलताई म्हणाल्या. "सवय हाय मले."