पहिल्या ओळीतलं कॉलेज

सोलापूरच्या एसटी स्टँडासमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जून ते ऑगस्ट या दिवसांत मला तिथं कुणाशी गोड बोलताना पाहिलेला माणूस सापडायचा नाही. मी तापट आहे, हे आधीच कबूल करतो. गुंडाबापूंविषयी सांगायचं तर माझं तापणं त्यात येणारच.

बापू मंगळवेढ्याकडच्या माळावरचे. अर्धं आयुष्य मेंढरं राखण्यात गेलं आणि अर्धं बाजारात ती घेण्या-विकण्यात. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात लोक त्यांना मुद्दाम सोबत न्यायचे. मला घरी एक दुभती शेळी हवी होती, तेव्हा मीही गेलो. बापूंनी दुरूनच एक काळी शेळी दाखवली आणि दटावलं, "अण्णा, आता तिच्याकडं बगायचं बी न्हाय." मग अर्धा तास ते शेजारच्या तांबड्या शेळीचे दात बघत होते, तिच्यावरून घासाघीस करत होते, रुसून निघत होते आणि परत येत होते. मालक पार कंटाळला, तेव्हा जाता जाता सहज विचारल्यासारखं म्हणाले, "आन ही काळी कशी दिली?" शेळी माझ्या दारात आली. "मनातलं तोंडावर आलं की समोरचा अडवून धरतोय," ते परतीच्या वाटेवर म्हणाले. मी त्या दिवशी या माणसावर बेहद्द खूश होतो.

त्यांची एकुलती एक लेक प्रियदर्शनी. बापूंची बहीण शिवबाई चिंचोळी एमआयडीसीत कामाला, शहरात भाड्यानं राहते. तिच्याकडे राहून पोरगी बारावी झाली आणि सीईटीत असे मार्क आणले की मीच दोनदा चष्मा पुसला. तिला पुण्याच्या एका चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर करायचं होतं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला कॉलेजांची यादी आपल्या पसंतीच्या क्रमानं भरून द्यावी लागते, आणि त्या क्रमानंच जागा मिळते. पोरीनं महिनाभर खपून वहीत यादी केली होती. पहिल्या ओळीत पुणे. आठव्या ओळीत, कुठंच नाही लागलं तर असावं म्हणून, सोलापूरजवळचं एक कॉलेज, सिव्हिल.

गेल्या वर्षी पहिल्या फेरीची यादी भरायच्या शेवटच्या दिवशी बापलेक दोघं दुकानात आले. संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. बाहेर रांग, साइट मिनिटा-मिनिटाला अडकत होती, आणि माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं. मी पुणे टाकायला लागलो तर बापूंनी माझा हात धरला.

"पैलं पुण्याचं लिवू नका अण्णा."

"का?"

"मनातलं पैल्याच ओळीत दावलं की त्यास्नी कळतंय, ह्यांना हेच पायजे. मग अडवतेत. ते आठवं वर घ्या, पुण्याचं तिसरं ठेवा. दुसऱ्या फेरीला खरं मागू की."

"बापू, तिथं कुणी बसलेलं नसतं. यंत्र आहे ते."

"यंत्र चालवनारा मानूसच असतोय न्हवं?"

"बापू, पहिलं तेच लिहायचं असतं जे पाहिजे," प्रियदर्शनी हळूच म्हणाली.

"तू गप. बाजार तू बगितलाईस का मी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. आता काका काहीतरी बोलतील, अशा खात्रीनं पाहिलं. आणि मला बोलायचं होतंच. पहिल्या ओळीतलं कॉलेज मिळालं की तेच पक्कं होतं, पुढच्या फेऱ्यांत नाव राहत नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण मागून कुणीतरी ओरडलं, साइट पुन्हा अडकली, आणि माझा पारा चढला. "तुमची पोरगी, तुमचा फॉर्म! मला काय करायचंय?" असं म्हणून मी आठवं पहिलं केलं. मोबाइलवर आलेले ओटीपीचे आकडे प्रियदर्शनीनंच मला वाचून दाखवले. मी बटण दाबलं.

जागा जाहीर झाल्या त्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधीच बापू पायरीवर बसलेले. पोरगी मागं उभी.

"लागलं की अण्णा! पैलंच लागलं! आता पुण्याचं मागायचं."

मी शटर अर्धवट वर तसंच ठेवून त्यांना सांगितलं. आता दुसरी फेरी नाही. परवापर्यंत सिव्हिलची जागा घ्यायची, नाहीतर या फेऱ्यांमधून कायमचं बाहेर.

बापूंना ते पटेचना. "मला त्या मानसाकडं न्या. कुनाच्या हातात हाय हे? मी बोलतो त्येच्याशी."

"कुणाच्याच हातात नाही, बापू."

"असं कसं? देनारा कुनीतरी असतोयच की." त्यांनी डोक्याचा पटका काढला, पुन्हा बांधला, पुन्हा काढला. बाजारात वर्षानुवर्षं समोरच्याला वळवत आलेला माणूस, आणि आता वळवायला समोर कुणीच नव्हतं. मला त्यांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

प्रियदर्शनी मोबाइलवर यादी बघत होती. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. पुण्याची जागा तिच्यापेक्षा कितीतरी कमी मार्कांवर गेली होती. यादीत क्रम सरळ असता तर ती जागा तिचीच होती. तिनं मोबाइल बंद केला.

"बापू, पुण्याचं लई वरच्या मार्कांवर गेलंय. मला लागलंच नसतं. इचारा काकांना."

"खरं का, अण्णा?"

"खरं," मी म्हणालो. अख्ख्या हंगामात इतक्या हळू आवाजात मी काही बोललो नव्हतो.

"मंग बरं झालं," बापूंनी श्वास सोडला. "निदान हे तरी हाताला लागलं."

पोरीनं जागा स्वीकारली. वर्षभर ती माझ्या दुकानासमोरूनच कॉलेजच्या बसला जायची. मान हलवायची, आत कधी आली नाही. तिला सिव्हिल आवडतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

यंदा बापू पुन्हा आले. सोबत शिवबाईची लेक आरोही. तिलाही इंजिनिअरिंगच, तिच्याही हातात वही. बापू स्टुलावर ऐसपैस बसले आणि मागच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गेल्या साली प्रियदर्शनीचा भरला हुता, तस्साच भरा. तिला पैल्याच दणक्यात लागलं. मनातलं खाली, दुसरंच वर." आरोहीनं वही घट्ट धरली होती आणि ती माझ्याकडे बघत होती.

मी आरोहीला झेरॉक्स काढायला शेजारी पाठवलं.

"बापू, प्रियदर्शनीला पुणं मिळालं असतं. पहिलं लिहिलं असतं तर नक्की मिळालं असतं. यादी मी बघितली होती. ती खोटं बोलली आणि मी पण. आणि त्या दिवशी तुम्हाला नियम सांगायचा सोडून मी चिडत बसलो. चूक माझी पण आहे."

ते ओरडतील, निदान उठून जातील असं वाटलं होतं. त्यांनी ओरडावं अशी माझी इच्छाच होती. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. रांगेतला एक जण कुरकुरला, मी त्याच्यावर खेकसलो, तरी बापूंनी मान वर केली नाही.

"तिला ठावं हुतं?" त्यांनी विचारलं.

"त्याच दिवशी."

"वरीसभर सुट्टीला आली की माज्या पानात वाढत हुती," ते म्हणाले. "येका शब्दानं बोलली न्हाय."

आरोही परत आली. बापूंनी तिची वही घेतली, उघडली आणि माझ्यापुढं ठेवली. "हिनं लिवलंय तसंच भरा. वर-खाली काय करू नका."

मी भरलं, तिला दोनदा वाचून दाखवलं, नियम मोठ्यानं सांगितला आणि मगच बटण दाबलं. बापू दारापर्यंत गेले. आरोहीला पुढं जाऊ दिलं आणि एकटेच माघारी आले.

"अण्णा, मला कळलंय हे प्रियदर्शनीला सांगू नका," ते म्हणाले. "बापाला ठावं न्हाय, ह्याच येका गोष्टीवर तिनं वरीस काढलंय."