ब्रेकवाल्याची अक्षरं

आमचे हे दुकानांच्या पाट्या करतात, पण अक्षरं नवी घेत नाहीत. कुठलं दुकान बंद पडलं की शिडी खांद्यावर टाकायची, पाटीवरची पत्र्याची इंग्रजी अक्षरं उतरवायची आणि घरी आणून कोंबायची. माझ्या कपाटात कपडे कमी आणि ई, एस, टी जास्त. मग गिऱ्हाईक येतं. त्याला नाव हवं असतं एक, आणि आमच्याकडे अक्षरं असतात भलतीच. हे ती पलंगावर मांडतात आणि त्यांतून होणारे इंग्रजी शब्द शोधत बसतात. ताटातलं अन्न गार होतं, पण ह्यांचं आपलं चालूच, ‘अगं, ए आहे, आर आहे, टी आहे, बघ ना काय होतंय!’ एकाला ‘गॅलेक्सी’ हवं होतं. एक्स आणणार कुठून? त्याला ‘गाला’वर पटवलं, वर सांगितलं की छोटं नाव लांबून दिसतं. तो खूश होऊन गेला आणि मी आत तोंड दाबून हसले.

खरं सांगायचं तर ह्यांचं इंग्रजी यथातथाच. पण शब्द सापडला की चेहरा असा काही खुलतो की मला धड रागावताही येत नाही.

सासऱ्यांचा एक दंडक होता. मालक काम करता करता गेला असेल, तर त्याच्या पाटीची सगळी अक्षरं मिळून एका पाटीवर लावायची नाहीत. एखादं तरी परकं घालायचं. का म्हणून विचारलं की म्हणायचे, ‘अक्षरांना सवय लागलेली असते, सूनबाई.’ हे तो दंडक मुकाट पाळत आले.

मग कोपऱ्यावरचा ब्रेकवाला गेला. गाडीखाली उताणा पडून काम करत होता, जॅक निसटला. बायकोनं गॅरेज रिकामं केलं तेव्हा ‘ब्रेक्स’ची पाटी ह्यांनीच उतरवली. बी, आर, ए, के, ई, एस. लाल, भारदस्त, हातभर उंच अक्षरं. नेमकं त्याच सुमारास आमच्या लेकीनं, घारीनं, नोकरी सोडून पलीकडच्या गल्लीत बेकरी काढायचं ठरवलं. ह्यांनी ती अक्षरं पलंगावर इकडची तिकडे केली आणि एकदम ओरडले, ‘बेकर्स! अगं, सगळीच्या सगळी लागली!’

मला सासऱ्यांचा दंडक आठवला. म्हटलं, ‘अहो, एक तरी बदला.’ घरात दुसरा एस होता, पण निळा आणि आखूड. घारीनं नाक मुरडलं. ‘बाबा, सगळ्या गावाला चांगल्या पाट्या आणि माझीच ठिगळाची?’ लेकीपुढे ह्यांचं काही चालत नाही. पाटी लागली.

धंदा जोरात चालला. पण लोक दारात गाडी लावायचे आणि आत येऊन गोंधळून उभे राहायचे. एकजण म्हणाला, ‘इकडे का वळलो कोण जाणे, ब्रेक नीट लागत नाहीयेत.’ आम्ही हसलो. दुसऱ्याला घारीनं पाठमोरीच उत्तर दिलं, ‘पॅड गेलेत. उद्या आणा.’ म्हटलं, ‘काय गं बोललीस?’ तर म्हणे, ‘कुठं काय?’ मग तिच्या नखांत काळं दिसायला लागलं. दिवसभर मैद्यात हात असणाऱ्या पोरीच्या नखांत काळं! साबणानं घासलं, सोड्यानं घासलं, जाईना. जवळ गेलं की ग्रीसचा वास. माझा जीव टांगणीला लागला होता.

त्या दुपारी मी डबा घेऊन गेले. दुकानात कोणी नाही. मागे पाहते तर पीठ मळायचं ते अवजड यंत्र एका बाजूनं जॅकवर उचललेलं आणि खाली घारी उताणी. नुसते पाय बाहेर.

‘घारे, बाहेर ये आधी!’

‘जरा तो पाना द्या इकडे,’ आवाज तिचाच. पण मला ‘द्या’ कधी म्हणते ती? पाय धरून ओढलं, जागची हलेना.

हे रस्त्यापलीकडे एका दुकानावर चढले होते. मी अशी बोंब ठोकली की शिडीसकट धावत आले. ‘तो एस काढा! आधी तो काढा!’ ह्यांनी लगेच शिडी लावली. तेवढ्यात कुणीतरी ती घट्ट धरून मागे खेचली. ब्रेकवाल्याची बायको. रोज बिस्किटं न्यायला यायची आणि बाकावर बसून राहायची. मला वाटायचं, बिचारीला घरी करमत नसेल.

‘नका हो काढू,’ ती म्हणाली. ‘मला पाहिलं की घारीच्या तोंडून म्हणतात, आलीस का गं भांडकुदळ? घरात असंच म्हणायचे मला. बाहेर कुणालाच माहीत नव्हतं ते.’

‘वहिनी, माझी पोरगी यंत्राखाली आहे!’ मी ओरडले.

‘ठाऊक आहे. जॅक मीच आणून दिला. मागितला त्यांनी.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिची बोटं मी पिरगाळून सोडवली. हे चढले, स्क्रू फिरवायला लागले. आतून करकर ऐकू येत होती. एस सुटला, ह्यांच्या हातून निसटून फुटपाथवर आदळला, आणि आत धाडकन काहीतरी पडलं.

संपलं सगळं, असंच वाटलं.

आणि घारी दारात आली. केसांत पीठ, कोपर खरचटलेलं. ‘आई, ते यंत्र कसं पडलं? मी खाली काय करत होते?’ मी तिला कवटाळलं, नखं पाहिली, नुसता मैदा होता, पुन्हा कवटाळलं. मला रडू आवरेना. ह्यांना शिडीवरून उतरता येईना.

ब्रेकवाल्याची बायको अजून तिथंच होती. घारीवरून तिची नजर हटत नव्हती. मघाशी तिचा गळा धरावासा वाटला होता, आता तिच्याकडे बघवेना.

‘आलीस का, असं विचार ना,’ ती म्हणाली.

‘अहो काकू, आलाच आहात की तुम्ही,’ घारी म्हणाली. ‘बोला, काय देऊ?’